निजलेला संगणक उठत का नाही?

विद्यार्थिमित्रहो, घटकाभर अशी कल्पना करा. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत एक जुना लॅपटॉप आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तुम्ही शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक ठेवून रोजचा पाऊस मोजलात आणि विज्ञान प्रदर्शनासाठी त्याचे तक्ते या लॅपटॉपवर करायला घेतलेत. संध्याकाळ झाली. तुमच्या वर्गातील एका मैत्रिणीने काम तसेच ठेवून लॅपटॉपचे झाकण मिटले. "उद्या उघडू आणि इथूनच पुढे जाऊ," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी झाकण उघडले, तर पडदा काळाठिक्कर! आत पंखा फिरल्याचा बारीक आवाज येतो आहे, कडेचा दिवाही लागलेला आहे; पण कोणतीही कळ दाबा, उत्तर नाही. शेवटी चालू-बंद करण्याची कळ दहा सेकंद दाबून धरली, तेव्हा कोठे लॅपटॉप बंद पडला आणि पुन्हा सुरू झाला. पण आदल्या दिवशी तीन तास बसून टंकलेले आकडे मात्र नाहीसे झाले होते.

मग तर्कांना ऊत येतो. कोणी म्हणतो, "व्हायरस शिरला." कोणी म्हणतो, "बॅटरी गेली." दुरुस्ती करणारा लॅपटॉप उलटासुलटा करून पाहतो आणि म्हणतो, "मदरबोर्ड बदलावा लागेल." तो जी रक्कम सांगतो ती ऐकून मुख्याध्यापक लॅपटॉप मोडीत काढण्याची भाषा बोलू लागतात. आणि शेवटी सगळ्यांचे बोट त्या मैत्रिणीकडे वळते : "हिनेच तो नीट बंद न करता झाकण मिटले!"

यांतले खरे कोणते? हे शोधून काढता येते, आणि तुम्हांलाही येते. त्यासाठी पेचकस हाती धरण्याची गरज नाही. एक वही, थोडी चिकाटी आणि प्रयोग करण्याची शिस्त एवढे पुरे. पण त्याआधी, संगणक झोपतो म्हणजे काय होते, ते समजून घेतले पाहिजे.

झोप म्हणजे बंद नव्हे

तुम्ही रात्री अभ्यासाला बसला आहात. टेबलावर वह्या उघड्या आहेत, कंपासपेटी पसरली आहे, गणित अर्धे सुटले आहे. आता उठायचे, तर तीन मार्ग आहेत. पहिला, सगळे आवरून दप्तरात भरायचे आणि दिवा मालवायचा. दुसरा, कोणती वही कोणत्या पानावर उघडी होती, गणित कोणत्या पायरीपर्यंत आले होते, हे सारे कागदावर टिपायचे, कागद कपाटात ठेवायचा आणि मग दिवा मालवायचा. तिसरा, टेबल जसेच्या तसे ठेवायचे आणि वाऱ्याने पाने उलटू नयेत म्हणून धाकट्या भावाला राखणीला बसवायचे.

संगणकाचेही असेच आहे. त्याला दोन प्रकारच्या स्मृती असतात. एक साठवणीची. हार्ड डिस्क किंवा एसएसडी म्हणतात ती हीच. वीज गेली तरी तिच्यातील मजकूर टिकतो. हे आपले कपाट. दुसरी स्मृती चालू कामाची. तिला रॅम म्हणतात. ही अतिशय चपळ असते, पण वीज गेली की तिच्यातले सारे पुसले जाते. हे आपले टेबल.

लॅपटॉप पूर्ण बंद करणे हा पहिला मार्ग. रॅममधील सारा मजकूर डिस्कवर उतरवून मग वीज तोडणे हा दुसरा. त्याला हायबरनेट म्हणतात. बेडूक किंवा अस्वल थंडीच्या दिवसांत जी दीर्घ निद्रा घेतात, तिच्यावरून हे नाव पडले. आणि रॅमला तेवढी वीज चालू ठेवून बाकी बहुतेक सर्व भागांची वीज तोडणे हा तिसरा मार्ग. हीच संगणकाची साधी झोप, म्हणजे स्लीप. तीत झाकण उघडताच काही सेकंदांत काम पुढे चालू होते, कारण टेबल मांडलेलेच असते. पण त्यासाठी रात्रभर कोणीतरी जागे असावे लागते, हे मात्र विसरू नका.

गळक्या भांड्यांची राखण

रॅमला झोपेतही वीज का लागते? तिची रचना पाहिली की उत्तर मिळते. रॅममधील प्रत्येक अंक, म्हणजे प्रत्येक शून्य किंवा एक, एका अतिसूक्ष्म धारित्रात ठेवलेला असतो. धारित्र म्हणजे विद्युतभार साठवण्याचे भांडे. भांडे भरलेले असेल तर एक, रिकामे असेल तर शून्य. भांड्याच्या तोंडाशी ट्रान्झिस्टरची एक झडप असते. एका अंकाला एक धारित्र आणि एक ट्रान्झिस्टर, ही सुटसुटीत रचना आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांची. १९६८ मध्ये त्यांना तिचे एकस्व, म्हणजे पेटंट मिळाले. आजच्या संगणकांतील रॅम याच तत्त्वावर चालते.

या भांड्यांत एक खोट आहे. ती गळतात. त्यामुळे ठरावीक वेळाने प्रत्येक भांडे वाचून, त्यात भार असेल तर ते पुन्हा काठोकाठ भरावे लागते. अनेक प्रकारच्या रॅममध्ये यासाठी दिलेली मुदत ६४ सहस्रांश सेकंद असते. तापमान वाढले की गळती वाढते, आणि मग याहूनही लवकर भरावे लागते.

आता थोडा हिशोब करू. तुमच्या लॅपटॉपची रॅम ८ जीबी आहे असे धरा. म्हणजे तिच्यात सुमारे ६,८७२ कोटी भांडी झाली. मुदत ६४ सहस्रांश सेकंद धरली, तर आठ तासांच्या रात्रीत, म्हणजे २८,८०० सेकंदांत, प्रत्येक भांडे साडेचार लाख वेळा भरले जाते! तुम्ही गाढ झोपलेले असता तेव्हा शेजारच्या टेबलावर निजलेल्या लॅपटॉपमध्ये ही राखण अखंड चाललेली असते. ती क्षणभर थांबली, तर सकाळी मागील काम सापडणार नाही.

शाळा बंद करण्याचा क्रम

राखण हा झोपेचा एक भाग झाला. झोपी जाणे आणि उठणे हे त्याहूनही अवघड काम आहे.

संध्याकाळी शाळा बंद कशी होते ते आठवा. आधी मुले वर्गाबाहेर पडतात, मग वर्गांना कुलपे लागतात, मग मजल्याचे दार आणि शेवटी मोठे फाटक. सकाळी याच्या उलट. आधी फाटक, मग मजला, मग वर्ग. शिपाईकाकांनी एखादा वर्ग रिकामा होण्याआधीच फाटक लावले, तर आतली मुले अडकतील. आणि एखादा वर्ग उठेचना, तर सारी शाळा खोळंबेल.

संगणकात प्रथम चालू असलेल्या सर्व आज्ञावली जागच्या जागी थिजवल्या जातात. मग एकेका उपकरणाला निरोप जातो, 'झोपायची वेळ झाली, तुझी स्थिती टिपून ठेव आणि वीज सोड.' कॅमेरा, ध्वनी, बिनतारी जोडणी, टचपॅड, पडदा, डिस्क, सगळ्यांना हा निरोप जातो. दुसऱ्या उपकरणामार्फत जोडलेले उपकरण आधी झोपते आणि त्याला जोडणारे नंतर, जसे आधी माऊस आणि मग तो ज्यातून जोडला आहे तो यूएसबीचा भाग. अखेरीस प्रक्रियक, म्हणजे प्रोसेसर, हाती असलेले रॅममध्ये उतरवतो, रॅमला स्वतःची राखण स्वतः करण्याची आज्ञा मिळते आणि वीज तुटते. उठताना हाच क्रम उलटा.

प्रत्येक उपकरणाशी बोलणारी एक छोटी आज्ञावली असते, तिला ड्रायव्हर म्हणतात. निरोप समजून घेऊन उपकरणाला निजवणे आणि उठवणे हे काम याच ड्रायव्हरचे. गंमत अशी की, हे ड्रायव्हर अनेक ठिकाणी, अनेक लोकांनी लिहिलेले असतात. त्यांतील एकानेही उत्तर दिले नाही, तर सारी मिरवणूक अडते.

हा कारभार कोणी पाहायचा, याचे नियमही बदलत गेले. १९९२ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी आखलेल्या पद्धतीत बरेचसे काम मदरबोर्डवरील चिपमध्ये कोरलेली मूळ आज्ञावलीच करीत असे. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय नावाची नियमावली प्रसिद्ध केली आणि सूत्रे विंडोज, लिनक्स यांसारख्या संचालन प्रणालींकडे आली. या नियमावलीत जागेपणाला एस-०, साध्या झोपेला एस-३, हायबरनेटला एस-४ आणि बंद अवस्थेला एस-५ अशी नावे आहेत. पुढे २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर आणखी एक प्रकार आला. त्यात लॅपटॉप मोबाइलप्रमाणे नुसती डुलकी घेतो आणि अधूनमधून जागा होऊन निरोप तपासतो. झाकण मिटून दप्तरात ठेवलेला लॅपटॉप कधीकधी गरम झालेला सापडतो, त्याचे कारण बरेचदा ही अस्वस्थ डुलकी असते. विंडोजमध्ये 'पॉवरसीएफजी' या आज्ञेला 'ए' हा पर्याय जोडून विचारले, की आपल्या लॅपटॉपला यांतील कोणत्या झोपा येतात याची यादीच मिळते.

लक्षणे नीट पाहा

डॉक्टर औषध देण्याआधी जीभ पाहतात, नाडी पाहतात. तसेच आपणही करू. 'लॅपटॉप उठत नाही' या एका वाक्यात निरनिराळे आजार दडलेले असतात.

पडदा काळा असताना कॅप्स लॉकची कळ दाबून पाहा. बऱ्याच लॅपटॉपवर तिच्याजवळ एक बारीक दिवा असतो. कळ दाबल्यावर तो लागत-विझत असेल, तर संगणक जागा आहे, फक्त पडदा उठलेला नाही. मग पहिला संशय चित्रे उमटवणाऱ्या भागावर आणि त्याच्या ड्रायव्हरवर. दिवा ढिम्म राहिला, तर संगणकच वाटेत अडकला आहे.

झाकण उघडल्यावर लॅपटॉप पहिल्यापासून सुरू होत असेल, तर झोपेत रॅमची वीज तुटली असेल किंवा यंत्र कोलमडून आपोआप पुन्हा सुरू झाले असेल. बॅटरी जुनी असेल, तर भरलेल्या विजेचे आकडे फसवे असू शकतात. विंडोजच्या बॅटरी अहवालात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी दिलेल्या असतात, त्या ताडून पाहा.

कधी संगणक कोलमडताना पडद्यावर संदेश देतो. हा विंडोजचा प्रसिद्ध निळा पडदा. विंडोज ११ मध्ये २०२५ पासून तो काळा झाला. त्यावर 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर' असे शब्द असतील, तर ते वहीत लिहून घ्या. याचा अर्थ, कोणत्यातरी ड्रायव्हरने निजण्याच्या किंवा उठण्याच्या निरोपाला वेळेत उत्तर दिले नाही. याचा क्रमांक षोडशमान पद्धतीत ९एफ आहे. आपल्या दशमान पद्धतीत तो किती होतो? नऊ सोळे एकशेचव्वेचाळीस, अधिक पंधरा, म्हणजे १५९.

येथे एक धोक्याची सूचना. विंडोजच्या नोंदवहीत अशा वेळी 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद हमखास सापडते आणि पुष्कळांना वाटते की रोग सापडला. पण ही नोंद एवढेच सांगते की, मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झाले नव्हते. ती नंतर, पुन्हा सुरू होताना लिहिली जाते. तुम्ही कळ दाबून धरलीत तरी ती उमटेल. दाराशी चिखल दिसला म्हणून चिखलामुळे पाऊस पडला असे कोणी म्हणत नाही. परिणामाला कारण समजण्याची चूक येथेही करू नका.

एका वेळी एकच बदल

आता प्रयोगाला बसू. पण आधी दोन पथ्ये. पहिले, सर्व महत्त्वाच्या फायलींची प्रत पेनड्राइव्हवर काढून तो बाजूला ठेवा. दुसरे, बॅटरी फुगून लॅपटॉपची पाठ किंवा टचपॅड वर आल्यासारखे दिसले, तर तेथेच थांबा. लॅपटॉप भारित करू नका, बॅटरी दाबू नका, टोचू नका. लगेच सरांना किंवा बाईंना सांगा. ते काम जाणकाराचे आहे.

वहीत चार रकाने आखा : काय बदलले, किती वेळा निजवला, किती वेळा उठला नाही, शेरा. आधी काहीही न बदलता लॅपटॉप बारा वेळा निजवा. दर वेळी पाच मिनिटे पुरेत. समजा, बारापैकी तीन वेळा तो उठला नाही. म्हणजे सरासरीने चारात एकदा दोष दिसतो. हा आपला पाया. पुढचे सर्व आकडे याच्याशी ताडायचे.

आता एक गोष्ट बदला. माऊस आणि बाहेरून जोडलेले सारे काढा आणि पुन्हा बारा वेळा निजवा. मग ते जोडून टाका आणि चार्जर लावून पाहा. मग झाकण न मिटता पडद्यावरील यादीतून स्लीप निवडून पाहा. या शेवटच्या प्रयोगाचे कारण गमतीचे आहे. झाकण मिटले हे लॅपटॉपला सहसा एका लहानशा चुंबकावरून कळते. चुंबक जवळ आला की आतील संवेदक झोपेची आज्ञा देतो. त्यामुळे एका लॅपटॉपवर दुसरा ठेवला, तर खालच्याच्या चुंबकाने वरचा जागेपणीच निजल्याची उदाहरणे आहेत!

त्यानंतर हायबरनेट करून पाहा. ही चाचणी फार बोलकी आहे. हायबरनेटमध्ये रॅमची राखण नसतेच, कारण सारे डिस्कवर उतरलेले असते. साधी झोप बिघडते पण हायबरनेट नेहमी सुरळीत होते असे दिसले, तर रॅम, तिला मिळणारी वीज किंवा मदरबोर्डवरील मूळ आज्ञावली यांच्याकडे पाहायचे. दोन्हींत दोष दिसला, तर राखणीवरचा संशय कमी होतो आणि ड्रायव्हरांवरचा वाढतो, कारण निजण्याचा आणि उठण्याचा निरोप त्यांना दोन्ही वेळा जातो.

समजा, तुमच्या वहीत असे दिसले : माऊस काढून बारापैकी तीनदा दोष, चार्जर लावून चारदा, यादीतून निजवून तीनदा, हायबरनेट करून दोनदा. एकाही बदलाने ठळक फरक पडला नाही. निराश होऊ नका. एवढ्यात माऊस, बॅटरी आणि झाकण हे तिघे बहुतांशी निर्दोष ठरले. निर्दोष कोण ते कळणे हीसुद्धा मिळकतच आहे. आणि त्या मैत्रिणीचे काय? यादीतून रीतसर निजवले तरी दोष येतोच आहे, म्हणजे झाकण मिटणे हा तिचा गुन्हा नव्हता.

आता उरले आतील ड्रायव्हर. समजा, संशयित आठ आहेत. एकेकाला तपासले तर आठ फेऱ्या लागतील. त्याऐवजी डिव्हाइस मॅनेजर या यादीत जाऊन त्यांतील चार तात्पुरते अकार्यक्षम करा. दोष थांबला, तर आरोपी या चारांत. न थांबला, तर उरलेल्या चारांत. मग दोन, मग एक. आठांसाठी तीन फेऱ्या पुरतात, कारण दोनाचा तिसरा घात आठ. याच रीतीने हजार संशयितांतून एक निवडायला दहा फेऱ्या लागतात. मात्र आरोपी एकच आहे असे येथे गृहीत धरले आहे, हे ध्यानात असू द्या. आणि प्रत्येक फेरीत गट हाच एक बदल. त्याबरोबर दुसरे काही बदलायचे नाही.

समजा, तीन फेऱ्यांनंतर बोट बिनतारी जोडणीच्या, म्हणजे वाय-फायच्या ड्रायव्हरवर आले. तो अकार्यक्षम केल्यावर बारापैकी बाराही वेळा लॅपटॉप उठला. झाले काम?

एकदा उठला म्हणजे बरा झाला का?

थांबा. दोष चारात एकदा दिसतो, हे आपण पाहिले आहे. मग काहीही दुरुस्त न करता एकदा निजवला, तरी तो नीट उठण्याची शक्यता १०० मध्ये ७५ आहे. म्हणून एखादा उपाय केला, एकदा निजवला, उठला आणि 'सापडले!' म्हणून ओरडलो, तर बहुतेक वेळा आपण स्वतःलाच फसवतो. अंगारे-धुपारे गुणकारी वाटतात ते अशाच कारणाने. ताप पुष्कळदा आपोआपच उतरणार असतो.

दोनदा नीट उठण्याची शक्यता तीन-चतुर्थांश गुणिले तीन-चतुर्थांश, म्हणजे १०० मध्ये सुमारे ५६. पाच वेळा ओळीने उठण्याची सुमारे २४. दहा वेळा ओळीने सुमारे ६. आणि बारा वेळा ओळीने सुमारे ३. आपण प्रत्येक प्रयोग बारा वेळा का केला, ते आता ध्यानात आले असेल. दोष कायम असूनही बारा वेळा केवळ नशिबाने उठला असेल, ही शक्यता आता फारच थोडी उरली.

तरीही एक पायरी बाकी आहे, आणि घाईत हीच गाळली जाते. काढलेली गोष्ट परत घालून पाहायची. वाय-फायचा ड्रायव्हर पुन्हा सुरू करा आणि लॅपटॉप निजवा. समजा, तिसऱ्याच वेळी तो उठला नाही. आता खात्री वाढली. काढल्यावर दोष जातो, घातल्यावर येतो. मग लॅपटॉपच्या निर्मात्याने दिलेला नवा ड्रायव्हर बसवा आणि पुन्हा बारा वेळा पाहा. दोष एखाद्या नव्या ड्रायव्हरनंतरच सुरू झाला असेल, तर उलट जुन्यावर परत जा.

हे सर्व करूनही दोष राहिला, तर रॅमची चाचणी घ्या. विंडोजमध्ये तशी सोय आहे. मदरबोर्डवरील मूळ आज्ञावलीची नवी आवृत्तीही मिळते, पण ती बसवताना मध्येच वीज गेली तर यंत्र निकामी होऊ शकते, म्हणून ते काम मोठ्यांच्या देखरेखीखाली, चार्जर लावूनच करावे. मदरबोर्ड बदलण्याचा विचार सर्वांत शेवटी.

घड्याळात लपवलेली साक्ष

या दोषाचा शोध एवढा कठीण का, याचे एक मूळ कारण आहे. गुन्हा घडतो तेव्हा सारे साक्षीदार झोपलेले असतात! पडदा बंद, म्हणून संदेश दिसत नाही. डिस्क बंद, म्हणून नोंद लिहिता येत नाही. रॅममध्ये टिपून ठेवावे, तर कळ दाबून यंत्र पुन्हा सुरू करताच रॅम पुसली जाते. मग कोणत्या उपकरणाला उठवताना संगणक अडकला, हे कळणार कसे?

लिनक्स या संचालन प्रणालीचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००६ मध्ये यावर एक नामी युक्ती लिनक्समध्ये घातली. त्यांनी विचार केला की, यंत्र उठत असतानाही ज्यात काही लिहिता येईल आणि पुन्हा सुरू केल्यावरही जे टिकून राहील, असे संगणकात काय असते? उत्तर होते, घड्याळ!

संगणक बंद असतानाही तारीख-वेळ सांभाळणारे एक स्वतंत्र घड्याळ मदरबोर्डवर असते. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटी या संगणकातही ते होते. सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा, स्फटिक त्याला ताल देतो. ही संख्या उगाच निवडलेली नाही. ती दोनाचा पंधरावा घात आहे. पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक सेकंद मिळतो.

टॉरवाल्ड्स यांच्या युक्तीत, उठताना प्रत्येक उपकरणाला हात लावण्याआधी त्या उपकरणाची आणि त्या टप्प्याची खूण एका संख्येत बदलली जाते, आणि ती संख्या तारीख-वेळ म्हणून घड्याळात लिहिली जाते. यंत्र अडकले, की घड्याळात शेवटची खूण राहते. पुन्हा सुरू केल्यावर लिनक्स घड्याळ वाचतो, संख्या सोडवतो आणि अमुक ठिकाणी अडकलो होतो असे सांगतो. अर्थात या उद्योगात तारीख भलतीच होऊन बसते, ती नंतर दुरुस्त करावी लागते. साक्ष देण्यासाठी घड्याळाला काही काळ खोटी वेळ दाखवावी लागते म्हणा ना!

घड्याळात किती वेगवेगळ्या खुणा मावतील? १०० वर्षे, १२ महिने, प्रत्येक महिन्यात असणारच असे २८ दिवस, २४ तास, आणि मिनिटांचे तीन-तीनांचे २० गट. गुणाकार करा : १,६१,२८,०००. मिनिटे तीन-तीन करून का घेतली? घड्याळ मधल्या वेळात चालतच असते. एकेका मिनिटाला अर्थ दिला असता, तर पुन्हा सुरू करायला जरा उशीर होताच खूण बदलली असती. तीन मिनिटांची सवड ठेवली, म्हणून खूण शाबूत राहते. कधी दोन उपकरणांची खूण एकच निघते आणि संशयित दोन उरतात. तरी शेकडोंतून दोघांवर येणे ही काय लहान गोष्ट झाली?

लिनक्समध्ये 'खोटी झोप' घेण्याचीही सोय आहे. केवळ आज्ञावली थिजवून पाच सेकंदांनी परत उठायचे. ते साधले तर उपकरणांपर्यंत जाऊन परतायचे, मग आणखी एक पायरी, अशा एकूण पाच पायऱ्या. पाण्याचा अंदाज घेत नदीत एकेक पाऊल पुढे टाकावे तसे हे आहे. ज्या पायरीवरून परत येता येत नाही, तेथे खड्डा आहे हे कळते.

वही मिटण्यापूर्वी

आता पुन्हा त्या प्रयोगशाळेत चला. 'मदरबोर्ड गेला' हा निदान न करता दिलेला निकाल होता. 'हिने झाकण मिटले' हाही तसाच. झोपेच्या वेळी झाकण मिटणे ही चूक नाही. लॅपटॉप त्यासाठीच बनवलेला असतो. चूक एवढीच की, तीन तासांचे काम डिस्कवर उतरवून न ठेवता ते गळक्या भांड्यांच्या भरवशावर ठेवले, आणि ती चूक त्या तक्त्यांवर काम करणाऱ्या तुम्हां सर्वांची. वहीतील नोंदी मुख्याध्यापकांपुढे ठेवा. एका नव्या ड्रायव्हरने जो लॅपटॉप सुधारतो, तो मोडीत निघायचा वाचेल आणि तुमच्या मैत्रिणीवरचा ठपकाही पुसला जाईल.

पावसाचे आकडे पुन्हा टंकावे लागतील, हे खरे. पण पर्जन्यमापकाची मूळ वही तुमच्याजवळ आहे ना? प्रयोगाची मूळ नोंद कागदावर ठेवावी असे जुने शिक्षक सांगत आले, ते काही उगाच नव्हे.

जाता जाता एक गणित. एखादा दोष तीनात एकदा दिसत असेल, तर उपाय केल्यानंतर ओळीने किती वेळा सुरळीत उठला म्हणजे 'हे केवळ नशीब असेल' ही शक्यता १०० मध्ये ५ हून कमी होईल? वही-पेन्सिल घ्या आणि दोन-तृतीयांशाला दोन-तृतीयांशाने गुणत चला. उत्तर आठ आले, तर तुमचा गुणाकार बरोबर आहे.